तीन युवराज, एक घोडा आणि दोन अंगणे

जुन्या मराठी वाड्याचा दरवाजा कितीही उंच असला तरी रोजची ये-जा त्याच्या दिंडीतूनच चाले. देवडीवर विचारपूस होई. तिऱ्हाइताला ओसरीपर्यंत मुभा असे, सोयऱ्याधायऱ्याला माजघरापर्यंत, आणि नको झालेल्या वस्तूची रवानगी परसदारी होई. कोणाला कुठवर येऊ द्यायचे याचा सगळा हिशेब घराच्या रचनेतच मांडलेला असे. सार्वजनिक इमारतींनाही अशी देवडी, ओसरी आणि परसदार असते. फक्त आपण तिकडे त्या नजरेने पाहत नाही. संग्रहालयाविषयी लिहिताना आपण आतल्या मूर्ती, नाणी, लघुचित्रे यांच्याविषयी लिहितो. त्या वस्तूंपर्यंत पोहोचायला माणसाला कोणत्या फाटकातून, कोणत्या अंगणातून जावे लागले, आणि त्या अंगणात त्याच्या आधी कोण येऊन उभे होते, हा प्रश्न सहसा सुटून जातो.

मुंबईत या प्रश्नाचे उत्तर शोधायला दोन जागा आहेत. भायखळ्याचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली लोकांसाठी खुले झाले. कोटाच्या दक्षिण टोकाचे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय 1922 साली उघडले. दोघांमध्ये बरोबर पन्नास वर्षांचे अंतर आहे. दोघांची मूळ नावे इंग्लंडच्या राजघराण्यावरून पडली होती आणि दोन्ही नावे स्वातंत्र्यानंतर बदलली. या दोन अंगणांना जोडणारा एक दुवाही आहे. तो काळ्या रंगाचा, चार पायांचा आहे आणि 1965 साली एका अंगणाच्या कडेवरून उठून दुसऱ्यात गेला आहे.

बागेतून जाणारी वाट

मुंबईतले पहिले सरकारी संग्रहालय जन्मले तेव्हा त्याला स्वतःचा दरवाजाच नव्हता. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कारागिरीचे नमुने, धान्ये, खनिजे, लाकूड असे बरेच काही गोळा झाले होते. त्याच प्रकारच्या वस्तूंचा एक संग्रह मुंबईतही असावा, या विचारातून कोटातल्या लष्करी बराकीत त्याची मांडणी झाली. 1857 च्या धामधुमीत सैन्याला जागा हवी झाली आणि संग्रहाला बाहेर पडावे लागले. उसन्या छपराखाली राहणाऱ्या बिऱ्हाडकरूची जी गत होते तीच त्याची झाली.

पुढच्याच वर्षी, 1858 च्या डिसेंबरात, टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि राणी व्हिक्टोरियाच्या नावाने स्वतंत्र इमारत उभारावी असे ठरले. या खटपटीत डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी होते. गोव्यातल्या मांद्र्याला जन्मलेले भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर. रोग्यांची नाडी पाहता पाहता ते शिलालेख वाचत, नाणी जमवत. त्यांच्यासारख्या माणसाला संग्रहालय हवे होते ते आपल्या भूमीची ओळख आपल्याला व्हावी म्हणून. सरकारला ते हवे होते ते इलाख्यात काय पिकते, काय बनते, त्याचा व्यापार कसा वाढेल हे कळावे म्हणून. एकाच दरवाजाकडे दोघे दोन वाटांनी आले होते.

इमारतीसाठी निवडलेली जागा या गोष्टीत महत्त्वाची आहे. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी संग्रहालयाची कोनशिला बसवली आणि त्याच दिवशी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे लोकांची राणीची बाग, खुली झाली. हे तेच फ्रिअर, ज्यांच्या कारकिर्दीत कोटाचे तट पाडायला सुरुवात झाली. शहर तटाबाहेर पसरत होते आणि नवे संग्रहालय कोटापासून दूर, भायखळ्याच्या बागेत वसवले गेले. कापसाच्या तेजीत वर्गणी सहज जमली असती, पण 1865 साली शेअरबाजार कोसळला आणि ओघ आटला. आराखडा करणारे विल्यम ट्रेसी मध्येच वारले. काम दुसऱ्या वास्तुविशारदांनी पुढे नेले, सरकारने पैशांचा हात दिला आणि 2 मे 1872 रोजी दरवाजे उघडले.

या संग्रहालयाची बाहेरची बाजू इटालियन अभिजात वळणाची आहे: प्रमाणबद्ध, शांत, फारसा गाजावाजा न करणारी. सारा थाट आत आहे. बिडाचे नक्षीदार खांब, वरच्या मजल्याचा सज्जा, सोनेरी वर्ख, मिंटनच्या फरशा. पण भायखळ्याच्या या वास्तूचे खरे प्रवेशद्वार तिच्या भिंतीत नाही, ते बागेचे फाटक आहे. शेजारी डेव्हिड ससूनच्या नावाचा 1865 सालचा घड्याळाचा मनोरा. खिशात घड्याळ नसलेल्या माणसाला वेळ सांगणारी ती वस्तू होती. फाटक, मनोरा, झाडांची सावली आणि मग संग्रहालयाच्या पायऱ्या, असा हा क्रम आहे.

या क्रमाचा परिणाम मोठा झाला. 1872 साली भायखळा बंगल्यांचा भाग होता. पुढच्या दोन-तीन दशकांत आसपास गिरण्या आणि चाळी वाढल्या. सुटीच्या दिवशी पोराबाळांना घेऊन माणसे राणीच्या बागेत येत ती झाडे, प्राणी, मोकळी हवा यांसाठी. संग्रहालय वाटेतच असे. ज्याला दिवाणखान्यात पाऊल टाकायचा संकोच वाटला असता तो बागेत फिरता फिरता सहज आत शिरे. नागपूरच्या लोकांनी आपल्या 1863 सालच्या संग्रहालयाला ‘अजब बंगला’ म्हटले. त्या नावात जो मोकळा कुतूहलभाव आहे, तोच भायखळ्याच्या प्रेक्षकांत होता. प्रेक्षकाला निवडण्याचे काम या दरवाजाने केले नाही, कारण निवड बागेनेच ढिली करून ठेवली होती.

अंगणातला हत्ती

या अंगणात राणीच्या नावाशी काही संबंध नसलेला एक रहिवासी आहे. घारापुरीच्या किनाऱ्याजवळ काळ्या दगडाचा एक भव्य हत्ती उभा होता. त्याला पाहूनच पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. 1814 साली त्याची मान आणि मस्तक ढासळले. 1864 साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आले. 1914 साली ते पुन्हा जोडण्यात आले आणि हत्ती संग्रहालयाच्या अंगणात उभा राहिला.

ज्याच्यावरून एका बेटाला परके नाव मिळाले तो त्या बेटावर उरला नाही, आणि ज्यांना तो न्यायचा होता त्यांच्या देशातही गेला नाही. तो पडला म्हणूनच मुंबईला राहिला. अंगणात ठेवलेली वस्तू काचेच्या कपाटातल्या वस्तूपेक्षा वेगळी वागते, हे या हत्तीपाशी लक्षात येते. तिच्यावर ऊन-पाऊस पडतो, मुले तिला हात लावतात, आणि तिच्याकडे पाहण्यासाठी कुणाला संग्रहालयाची पायरी चढावी लागत नाही.

राजरस्त्यावरची ओसरी

आता कोटाच्या दक्षिण टोकाकडे जाऊ. 1875 साली प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. त्या भेटीच्या आठवणीसाठी सर अल्बर्ट ससून यांनी शिल्पकार जोसेफ एडगर बोहम यांच्याकडून अश्वारूढ पुतळा करवून घेतला आणि 1879 साली तो रँपार्ट रो आणि एस्प्लनेड रोड यांच्या तिठ्यावर बसवला. रँपार्ट म्हणजे तट. ज्या रस्त्याच्या नावात पाडलेला तट उरला होता, त्याच्या तोंडाशी राजपुत्र घोड्यावर बसला. लोकांनी मात्र त्याला फारसे मनावर घेतले नाही. त्यांनी घोडा पाहिला आणि त्या जागेला नाव दिले ‘काळा घोडा’.

तीस वर्षांनी त्या युवराजाचा मुलगा, पुढचा पाचवा जॉर्ज, मुंबईत यायचा होता. 1905 च्या ऑगस्टमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांनी त्याच्या भेटीचे स्मारक म्हणून संग्रहालय काढायचे ठरवले आणि 11 नोव्हेंबरला त्याच्याच हातून कोनशिला बसवून घेतली. सरकारने काळ्या घोड्याच्या दक्षिणेला असलेली, चंद्रकोरीच्या आकारावरून ‘क्रेसेंट साइट’ म्हटली जाणारी जागा 1907 साली दिली. खुली स्पर्धा झाली आणि 1909 साली जॉर्ज विटेट यांची नेमणूक झाली. पुढे गेटवे ऑफ इंडियाचा आराखडाही त्यांनीच केला.

भायखळ्याच्या इमारतीशी तुलना केली की विटेट यांच्या रचनेचा अर्थ उलगडतो. भायखळ्याला बाहेर युरोप होता. इथे बाहेरच हिंदुस्थान मांडला आहे: मालाडचा पिवळसर आणि कुर्ल्याचा करडा दगड, पुढे आलेल्या कमानी, सज्जे, छोट्या घुमट्यांचे झुपके आणि मध्यभागी मोठा घुमट. चौरस दालनाला छेदणाऱ्या कमानींवर घुमट तोलण्याची विजापूरच्या गोल घुमटाची रीत आतल्या दालनात वापरली आहे. इमारत रस्त्यापासून मागे सरकलेली आहे, पुढे पाम वृक्षांची आणि फुलांच्या ताटव्यांची आखीव बाग. म्हणजे फाटक, बाग, कमानींचा मंडप आणि मग घुमटाखालचे उंच दालन. माणूस पावलापावलाने लहान होत जावा आणि इमारत मोठी, अशी ही चाल आहे. भायखळ्याची बाग रमायला होती, ही बाग पाहायला आहे.

घुमटाखाली उभे राहून वर पाहिले की आणखी एक गोष्ट दिसते. मधल्या दालनाचे लाकडी खांब, कठडे आणि सज्जा एका अठराव्या शतकातल्या वाड्याचे आहेत. नाशिकच्या वाड्यातून ते विकत घेऊन इथे बसवले. ज्या सज्जातून घरच्या बायका चौकात चाललेले पाहत तो आता प्रेक्षकाच्या डोक्यावर आहे. वाड्याचे माजघर संग्रहालयाची ओसरी झाले. याला जपणूक म्हणायचे की उचलेगिरी, यावर वाद घालता येईल. आपल्याला एवढे नोंदवायला हवे की पेशवाई बुडून शतक उलटायच्या आत तिच्या घरांचे लाकूड बाजारात आले होते आणि ते कुणीतरी सार्वजनिक दालनात लावले म्हणून आज आपल्या दृष्टीला पडते.

दरवाजा उघडण्याच्या आधी

इमारत 1914 साली पूर्ण झाली, पण संग्रहालय उघडले नाही. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि घुमटाखाली जखमी सैनिकांसाठी इस्पितळ थाटले गेले. लोकांना दाखवण्यासाठी बांधलेल्या दालनांचे पहिले रहिवासी खाटेवर पडलेले शिपाई होते. वास्तू समितीच्या ताब्यात परत आली ती 1920 साली.

आणि मग तिसरा युवराज आला. 17 नोव्हेंबर 1921 रोजी पुढचा आठवा एडवर्ड, पहिल्या युवराजाचा नातू आणि दुसऱ्याचा मुलगा, अपोलो बंदरावर उतरला. असहकाराची चळवळ भरात होती. काँग्रेसने स्वागतावर बहिष्कार पुकारला होता. त्याच दिवशी परळच्या बाजूला गांधीजींच्या उपस्थितीत विलायती कापडाची होळी झाली. स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन लोकांवर जमाव चालून गेला, उलट हल्ले झाले, आणि काही दिवस शहरात दंगल माजली. माणसे मेली. गांधीजींनी शांततेसाठी उपोषण आरंभले.

या घटनेला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा 10 जानेवारी 1922 रोजी ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’चे दरवाजे गव्हर्नरपत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते उघडले. युवराज तेव्हा दौऱ्यावरच होते. 1905 साली ज्या नावाने वर्गणी जमली त्याच पदवीविरुद्ध 1921 साली शहर रस्त्यावर उतरले होते. बांधायला घेतलेली वास्तू ज्या काळासाठी आखली तो काळ ती उघडेपर्यंत सरून गेला होता. संग्रहालय मात्र चालले, वाढले, लोकांचे झाले. याचे श्रेय आतल्या वस्तूंना द्यावे लागते. दरवाजावरच्या नावाने त्यात काही भर घातली नाही.

परसदारी गेलेले राजे

इंग्रजांच्या पुतळ्यांशी मुंबईकरांचे नाते दिसते तितके सरळ नव्हते. लॉर्ड कॉर्नवालिसच्या घुमटीखालच्या पुतळ्याला लोक हार-फुले वाहत आणि त्या जागेला ‘छोटे देऊळ’ म्हणत. दुसरीकडे, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यावर 1896 साली डांबर ओतले गेले. ते आपण केले असे चिंचवडच्या दामोदर चापेकरांनी पुढे रँडच्या खुनाच्या प्रकरणात सांगितले. रसायनतज्ज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तो डाग काढण्याची किमया केली, याचेही तेव्हा कौतुक झाले. एकाच शहरात कुणी पुतळ्याला फुले वाहत होते, कुणी डांबर ओतत होते आणि कुणी ते डांबर शास्त्रोक्त पद्धतीने पुसत होते.

1965 साली काळ्या घोड्यासह अशा पुतळ्यांची रवानगी राणीच्या बागेत झाली. आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात राणी आहे, कॉर्नवालिस आहे, वेलस्ली आहे आणि घोड्यावरचा एडवर्डही आहे. काहींची नाके-बोटे तुटलेली आहेत. चौकातून काढलेल्या सत्ताधीशांचे काय करायचे, हा प्रश्न जगभर पडला. कुणी ते वितळवले, कुणी गोदामात टाकले. मुंबईने त्यांना परसदारी नेऊन ठेवले, घारापुरीच्या हत्तीच्या शेजारी. चौकात उंच चौथऱ्यावरून ते शहराकडे पाहत. बागेत शहर त्यांच्याकडे पाहते, तेही बहुधा हातात भेळेचा पुडा घेऊन. चौथरा काढून घेतला की पुतळ्याचा हुकूम संपतो आणि तो इतिहासाचा पुरावा होतो. यासाठी कुणी मोठा सिद्धांत मांडला नव्हता, पण घडले ते शहाणपणाचे होते. 1975 साली या संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळाले आणि वर्गणीसाठी फिरलेला माणूस शंभर वर्षांनी दरवाजावर आला.

रिकामा चौक

मूळ जागी मात्र वेगळेच घडले. घोडा गेला आणि त्याच्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या. ‘काळा घोडा’ हे नाव अर्धशतक घोड्याशिवाय टिकले. बसचे वाहक ते उच्चारत, नव्या माणसाला त्याचा अर्थ विचारावा लागे.

त्या चौकाला पुन्हा जिवंत केले ते शेजारच्या एका लहान दरवाजाने. संग्रहालयाला लागूनच 1952 साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. दुर्गा बाजपेयी यांनी केलेल्या त्या इमारतीच्या दाराशी काँक्रीटचे घडीदार छत पुढे आले आहे. फाटकापासून दारापर्यंत चालवणारी आखीव बाग नाही, घुमट नाही. पदपथावरून दोन-चार पायऱ्या चढल्या की माणूस चित्रांपाशी. पावसात अडकलेला कारकूनसुद्धा त्या छताखाली थांबतो आणि थांबलाच आहे तर आत डोकावतो. दाराबाहेरच्या पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडून बसू लागले. आत जागा मिळालेला आणि न मिळालेला, असे दोन्ही चित्रकार एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आले. विटेट यांच्या घुमटाने जे अंतर राखले होते ते या छताने काही पावलांवर आणले.

1998 साली परिसरातल्या रहिवाशांनी आणि संस्थांनी काळा घोडा असोसिएशन स्थापन केली, पुढच्या वर्षीपासून कला महोत्सव सुरू झाला, आणि वर्षातले काही दिवस तरी रस्ता मोटारींकडून माणसांकडे आला. त्याच 1998 साली प्रिन्स ऑफ वेल्सचे नाव जाऊन शिवछत्रपतींचे नाव संग्रहालयाला लाभले. 2017 साली चौकात नवा काळा घोडा आला. शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेल्या या घोड्यावर स्वार नाही. 1879 सालापासून लोक जे पाहत आले होते तेच अखेर शिल्पात उतरले. राजपुत्र त्यांनी तेव्हाच पाठीवरून उतरवला होता.

आज दरवाजा कुठे आहे?

दोन्ही वास्तूंची डागडुजी अलीकडच्या काळात निगुतीने झाली. 2003 साली मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक यांच्यात करार होऊन भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे काम सुरू झाले, 2005 साली त्याला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातला सर्वोच्च वारसा पुरस्कार मिळाला आणि 2008 साली ते पुन्हा उघडले. शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयालाही 2022 साली तोच मान मिळाला. दोन्ही कामांमागे विकास दिलावरी हे वास्तुविशारद होते. भायखळ्याच्या विस्तारासाठी 2014 साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, अमेरिकी वास्तुविशारद स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला, पण तो कागदावरच राहिला.

दगड, वर्ख, फरशी यांची दुरुस्ती तज्ज्ञ करू शकतात. अंगणाची दुरुस्ती त्यांच्या एकट्याच्या हातात नसते. संग्रहालयाचा दरवाजा हा भिंतीत नसतो, तो रेल्वे स्थानकापासून सुरू होतो. भायखळ्याला उतरलेल्या बाईला कडेवरच्या मुलासह रस्ता कुठे ओलांडता येतो, रीगलच्या चौकात वाहनांचा लोंढा किती वेळ थांबतो, फाटकावरची पाटी कोणत्या भाषेत आहे, रांगेत सावली आहे का, तिकीट न काढता बसता येईल असा एखादा बाक आहे का, पहारेकरी पायातल्या चपला पाहून आवाज बदलतो का, यावर कोण आत येणार ते ठरते. यांतल्या एकाही गोष्टीचा समावेश वास्तुशैलीच्या वर्णनात होत नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या गिरणगावच्या माणसाला संग्रहालय मिळाले ते बागेच्या सावलीमुळे, आणि विसाव्या शतकातल्या होतकरू चित्रकाराला कलादालन मिळाले ते पदपथावरच्या चार हात जागेमुळे, एवढे हा इतिहास स्पष्ट सांगतो.

म्हणून पदपथ अरुंद करून वाहनतळ वाढवण्याचा, बागेच्या वाटेवर नवे कुंपण घालण्याचा किंवा दरवाजे कमी करून एकाच तपासणीच्या फाटकातून सगळ्यांना नेण्याचा निर्णय होतो तेव्हा तो केवळ वाहतुकीचा किंवा सुरक्षिततेचा नसतो. कोणाला ओसरीपर्यंत येऊ द्यायचे हेही त्यात ठरत असते. तीन युवराजांच्या नावाने बांधलेल्या आणि सजवलेल्या या अंगणांत दीडशे वर्षांत लोकांनी आपली वाट काढली, नावे बदलली, स्वार उतरवले. ती वाट मोकळी ठेवण्याचे काम आता कोणा गव्हर्नराचे नाही. महापालिकेच्या सभागृहात त्यावर चर्चा होते तेव्हा तिथे आपला आवाज असायला हवा.